आबांचा कॅमेरा ऑनलाइन विकायचाय, फसवणुकीपासून कसं वाचू?

गिरणाकाठ (पाचोरा)

नमस्कार मंडळी. मी मूळची चाळीसगावची, सध्या पाचोऱ्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून इथे विचारतेय.

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीस वर्षं लग्नाचे फोटो काढले. कजगाव, भडगाव, नगरदेवळा, घाट चढून पार कन्नडपर्यंत. लग्नसराईत आबा घरी जेवायला सापडायचे नाहीत. चाळीसगाव म्हणजे केकी मूस यांचं गाव, स्टेशनजवळच्या त्यांच्या घरातले फोटो बघूनच आबांना हा नाद लागला. गेल्या पावसाळ्यात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. आता काठी घेऊन चालतात, पण उजव्या हाताचं बोट बटणावर ठरत नाही. मध्यंतरी तेच म्हणाले, "कपाटात पडून लेन्सला बुरशी लागेल. त्यापेक्षा कुणाच्या तरी हातात जाऊ दे." आणि खरं सांगायचं तर फिजिओथेरपीला पैसेही लागताहेत.

निकॉन डी८५० ची बॉडी आणि ७०-२०० लेन्स. २०१८ चं बिल आहे, खोकं आहे. दोन्ही मिळून १ लाख ५८ हजार सांगितले आणि रविवारी दुपारी जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर जाहिरात टाकली. पंधरा मिनिटांत फोन. माणूस हिंदीत बोलत होता. म्हणाला, मी फौजेत आहे, देवळाली कॅम्पला, बदली झालीय, जायच्या आधी कॅमेरा हवाय. गणवेशातला फोटो, कॅन्टीन कार्ड, आधार, सगळं न मागता पाठवलं. एक रुपयाही कमी करा म्हणाला नाही. गाडी आणि माणूस पाठवून कॅमेरा नेतो, पैसे आत्ताच देतो म्हणाला.

मग सुरू झालं. "आमचं खातं फौजेचं आहे, त्याची पद्धत वेगळी असते. तुम्ही आधी १० रुपये पाठवा, तुम्हाला दुप्पट येतील, म्हणजे खातं जुळलं." मी पाठवले. लगेच २० आले. खरंच आले, मी पासबुकात बघितलं. त्यानंतर त्याने व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवला, वर लिहिलेलं ९९,०००. म्हणाला, हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील, राहिलेले ५९ हजार उद्या.

मी स्कॅन केला. पडद्यावर कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं नाव आलं, खाली निळं बटण, आणि त्यावर 'पे' लिहिलेलं. मी पिनचे चार आकडे टाकलेसुद्धा होते. माझा पिन सहा आकडी आहे. आई शेजारी भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "पैसा लेवाले पिन कसाले लागस व माय?"

मी फोन उलटा ठेवला. तो माणूस पुढे तासभर फोन करत राहिला. आधी गोड बोलत होता, मग दरडावायला लागला, शेवटी म्हणाला, "फौजी को परेशान किया, तुमपे केस होगा."

कॅमेरा तर विकायचाच आहे. कसा विकू? पैसे कसे घेऊ? एक सुरतचा माणूसही विचारतोय, तो कुरिअर करा म्हणतोय. आणि आधीच्या माणसाकडे माझा नंबर, पत्ता, दहा रुपयांचा व्यवहार आहे, त्याचं काही भय आहे का?

पांझराकिनारी (धुळे)

ताई, तुमच्या आईला नमस्कार सांगा. पिन फक्त पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. एवढं एक वाक्य मला दीड वर्षापूर्वी कुणी सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण मी वेगळ्या पद्धतीने बुडालो.

माझा फोन २२ हजाराला ठरला. गिऱ्हाईक धुळ्याच्या बसस्टँडवर समोरासमोर भेटायला आलं, म्हणून मी निर्धास्त. दोन पोरं होती, आपल्यासारखीच बोलणारी. एकाने फोनवर माझा नंबर टाकला, रक्कम टाकली, हिरवी खूण आली, टुणकन आवाजही झाला. मला दाखवलं, वर माझं पूर्ण नाव. माझ्या मोबाइलवर मेसेज आला नाही तर म्हणे "सर्व्हर डाउन आहे भो, दहा मिनिटांत येईल, आमची शिरपूरची गाडी सुटतेय." मी फोन दिला. ते दहा मिनिटं अजून संपलेली नाहीत.

नंतर कळलं की हुबेहूब पेमेंट ॲपसारखी दिसणारी खोटी ॲप मिळतात. नाव, वेळ, व्यवहार क्रमांक, सगळं हवं ते टाकता येतं. बिल आणि पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत होती, म्हणून संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) टाकून फोन बंद तरी करता आला. कॅमेऱ्याला ती सोय नाही. गेला तर गेला.

माझं मत विचाराल तर रोख घ्या. नोटा हातात, कॅमेरा त्याच्या हातात, विषय संपला.

निवृत्त कॅशिअर (जळगाव)

पोरी, आधी तुझं भय घालवतो. दहा रुपये गेले आणि वीस आले, त्यातून तो तुझ्या खात्यात शिरू शकत नाही. तो पैशाचा नव्हे, तुझ्या विश्वासाचा हप्ता होता. पुढचा क्यूआर ९९ हजारांचाच का होता, बघ. दोन व्यक्तींमधल्या यूपीआयला साधारणपणे दिवसाला एक लाखाची मर्यादा असते. तुझ्या खात्यातून एका दिवसात जेवढं काढता येईल तेवढं त्याने आधी मागितलं. "उरलेले उद्या" हेही तेवढ्याचसाठी. फौजेच्या खात्याची कुठलीही वेगळी पद्धत नसते. जवानाचं खातं तुझ्यामाझ्यासारखंच असतं. त्याने पाठवलेलं कार्ड मात्र बहुधा खऱ्याच कुणाचं तरी असतं, आधी फसवलेल्या माणसाकडून उचललेलं. म्हणून तू स्वतःच्या आधारचा, पासबुकाचा फोटो कुणालाही पाठवू नकोस. उद्या तो तुझ्या नावाने दुसऱ्या कुणाला तरी फसवेल. द्यावंच लागलं तर मास्क केलेलं आधार दे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

पूर्वी ही मंडळी यूपीआयवर 'रिक्वेस्ट' पाठवायची, माणूस घाईत मान्य करायचा. व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली गेली. दुकानदाराच्या खात्यावरून मागणी मात्र अजून येऊ शकते, आणि क्यूआर तर आहेच. एंटरप्रायझेसचं नाव दिसलं म्हणालीस ते याच जातीचं.

तुझं नुकसान झालेलं नाही, तरी संचार साथीवर 'चक्षू' म्हणून सोय आहे, तिथे तो नंबर कळव. पैसे गेले असते तर मात्र ती जागा नव्हे. तेव्हा थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन, नाहीतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. तेही लगेच, "घरच्यांशी बोलतो मग बघतो" असं नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात उड्या मारत असतात आणि मध्ये कुठेतरी असतानाच अडवता येतात. एटीएममधून निघाले की हात चोळत बसायचं. केस करीन म्हणाला ना? केस त्याच्यावर होते. लोक अजून चारशे वीस म्हणतात, पण १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, आणि तोतयेगिरीला ३१९.

आता विक्रीचं. मी एकतीस वर्षं काउंटरच्या आत बसलो. पैसे आले म्हणणारे मला नेहमी तीनच गोष्टी दाखवायचे: मेसेज, कागद, किंवा दुसऱ्याचा फोन. यातली एकही गोष्ट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात, आपल्या फोनवर, आपण स्वतः बघितलेली शिल्लक म्हणजे पैसे. मेसेजही बँकेच्या नावाने आलाय की कुणाच्या दहा आकडी नंबरवरून, हे बघत जा. दहा आकडी नंबरवरून बँक रक्कम जमा झाल्याचा मेसेज पाठवत नाही. याच मेसेजचा आणखी एक प्रकार आहे. पाच हजारांऐवजी पन्नास हजार आल्याचा मेसेज येतो, पाठोपाठ रडवेला फोन, "चुकून एक शून्य जास्त पडलं, पंचेचाळीस परत करा." मुळात पाचही आलेले नसतात.

कागदाची गोष्ट सांगतो, ती मला अजून सलते. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी लागू झाली ती १ सप्टेंबर २०१५ पासून. त्याच्या पुढच्या वर्षी यावल तालुक्यातला एक केळी उत्पादक ट्रॅक्टर विकायला निघाला. गिऱ्हाईक शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आलं, हातात डिमांड ड्राफ्ट. ड्राफ्ट म्हणजे पैसे आधीच भरलेले, तो बुडत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक होतं, आणि ते खरंही आहे. ड्राफ्ट मात्र खोटा होता. दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवारी सकाळी साडेदहाला तो माझ्या काउंटरसमोर उभा राहिला, ड्राफ्ट प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला. मी कागद बोटांत धरला आणि मला कळलं. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. अडीच दिवसांत ट्रॅक्टर कुठल्या राज्यात गेला असेल कोण जाणे. म्हणून सांगतो, शुक्रवारी संध्याकाळी किंवा सणाच्या आदल्या दिवशी कुणी घाई करू लागला तर त्याला कामाच्या दिवशी सकाळी ये म्हणायचं. खरा गिऱ्हाईक येतो.

चेकचंही तसंच. चेक भरल्याची स्लिप दाखवून वस्तू नेणारे आहेत. भरला म्हणजे वटला नव्हे. वटला नाही तर चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ आहे, पण त्यात तीस दिवसांच्या आत नोटीस, मग पंधरा दिवसांची वाट, मग महिन्याच्या आत कोर्ट. आबांची फिजिओथेरपी तेवढी थांबणार नाही.

धुळ्याच्या भाऊंनी रोख सांगितली. चांगली आहे, पण बसस्टँडवर नको. १ लाख ५८ हजार म्हणजे पाचशेच्या ३१६ नोटा. तीन बंडलं आणि वर सोळा. उभ्या उभ्या कोण मोजणार, कोण तपासणार? खोटी नोट बंडलाच्या मध्ये असते, वर-खाली कधीच नसते. पाचशेच्या खऱ्या नोटेच्या दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या रेघा असतात, अंगठ्याचं नख फिरवलं की खडबडीत लागतात. मधला धागा नोट तिरपी केल्यावर हिरव्याचा निळा होतो. हे दोन-चार नोटांना जमतं, ३१६ ना नाही.

त्यापेक्षा असं कर. गिऱ्हाइकाला तुझ्या बँकेत बोलाव, सकाळी अकराला. कॅमेरा तिथेच बघू दे. रोख असेल तर तुझ्या खात्यात काउंटरवर भरा. मशीनमधून नोटा जातील, खोटी असेल तर तिथेच कळेल. मोठी रोख भरताना बँक पॅन मागू शकते, तेवढा सोबत ठेव. शिक्क्याची पावती हातात आली की कॅमेरा दे. दोन लाख आणि त्यावर रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, तुझी रक्कम त्याच्या आत आहे.

ऑनलाइन देणार असेल तर आयएमपीएस किंवा एनईएफटी, म्हणजे खात्यातून थेट खात्यात. आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे असतं, त्यामुळे कुणी "आरटीजीएस केलं" म्हणाला तर तो खोटं बोलतोय किंवा त्याला ठाऊक नाही. एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्याने जातं, तेव्हा अर्धा-पाऊण तास चहा पीत बसा. आणखी एक. नवीन खातं जोडलं की बऱ्याच बँका पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. त्यामुळे खऱ्या गिऱ्हाइकालाही अडचण येऊ शकते, त्याला लबाड समजू नकोस. आदल्या दिवशी खातं जोडून एक रुपया पाठवायला सांग. खाते क्रमांक आणि आयएफएससी देणं धोक्याचं नाही, पिन आणि ओटीपी देणं धोक्याचं आहे.

सुरतच्या माणसाबद्दल ज्यांनी पार्सल पाठवलीत त्यांनी सांगावं. माझा त्यात अनुभव नाही.

गिरणाकाठ (पाचोरा)

काका, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. आईलाही वाचून दाखवलं. यावलच्या त्या शेतकऱ्याचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

म्हणजे पैसे माझ्या खात्यात, मी स्वतः बघितले, की मग निर्धास्त, बरोबर ना?

सातपुड्याची लेक (नंदुरबार)

ताई, थांबा. तिथेच मी अडकले होते, म्हणून लिहिते.

माझ्याकडे दहा-दहा ग्रॅमची सोन्याची दोन नाणी होती. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी विकायला काढली. सराफाकडे घट धरतील म्हणून एका ग्रुपवर टाकलं. गिऱ्हाईक घरी आलं, तिशीतला मुलगा, नम्र. आदल्या दिवशीच्या जळगावच्या भावाने ठरलं. पैसे माझ्या खात्यात आले, मी स्वतः बँकेच्या ॲपमध्ये बघितले, तेव्हाच नाणी दिली. काका सांगतात ते सगळं मी पाळलं होतं.

एकोणीस दिवसांनी दुधवाल्याला पैसे पाठवायला गेले तर जाईनात. बँकेत गेले तर म्हणाले, तुमचं खातं गोठवलंय, परराज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे. माझे हातपाय गळाले. झालं असं होतं की ते पैसे त्या मुलाचे नव्हतेच. कुणातरी म्हाताऱ्या माणसाला फसवून काढलेले पैसे थेट माझ्या खात्यात वळवले होते. त्या मुलाला सोनं मिळालं, पोलिसांना पैशाच्या वाटेवर मी सापडले. त्या म्हाताऱ्या माणसाचाही काही दोष नाही, त्याच्या जागी मी असते तर मीही तक्रार केलीच असती.

मी कुठे चुकले ते सांगते. पैसे पाठवणाऱ्याचं नाव वेगळं होतं. मी विचारलं होतं. तो म्हणाला, "काकांच्या खात्यातून टाकलेत." मी मान डोलावली. तेवढी एक मान डोलावली म्हणून साडेतीन महिने पगाराच्या पैशाला हात लावता आला नाही.

म्हणून ताई, पैसे आले एवढं बघू नका, कुणाकडून आले ते बघा. समोर उभा माणूस, त्याच्या ओळखपत्रावरचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्या खात्यावरचं नाव, तिन्ही एक असलं पाहिजे. काका, मेहुणा, शेठ, मित्र, कुणाच्याही खात्यातून आले तर तिथल्या तिथे सांगायचं, परत घ्या आणि स्वतःच्या खात्यातून पाठवा. परत करतानाही ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, आणि तेही बँकेला लेखी देऊन. "दुसऱ्या नंबरवर पाठवा" म्हणाला तर अजिबात नाही.

माझं खातं सुटलं कसं, तेही सांगते, कुणाला तरी उपयोगी पडेल. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घेतलं. नाण्यांची जुनी बिलं, त्या मुलाशी झालेलं सगळं बोलणं, त्याचा नंबर, दारातल्या कॅमेऱ्यातलं चित्रण, हे सगळं त्या ठाण्याला ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं. वादातली रक्कम तेवढीच थांबवा, बाकीचं खातं मोकळं करा, अशी लेखी मागणी केली. आधी बाकीचं मोकळं झालं, मग बऱ्याच फेऱ्यांनी उरलेलं. नशीब की जाहिरातीचे आणि बोलण्याचे स्क्रीनशॉट मी पुसले नव्हते. विकून झालं की माणूस सगळं डिलीट करतो. निदान वर्षभर तरी ठेवा.

सोनं विकणाऱ्यांना एक सांगते. परक्या माणसाला विकायचंच नाही असं माझं आता पक्कं मत झालंय. सराफाकडे घट जाते, पण पावती मिळते, पैसे दुकानाच्या खात्यातून येतात. दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा क्रमांक) असेल तर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून आधी स्वतः बघा, म्हणजे शुद्धतेवरून कुणी भाव पाडायला लागला तर आपल्याला बोलता येतं.

आता सुरतच्या माणसाचं. माझी बहीण सुरतेत लिंबायतला राहते, ती साड्या पाठवते, त्यातून मला जे कळलं ते सांगते. पार्सलमध्ये फसवणूक उलटी होते. माल पोचतो, गिऱ्हाईक म्हणतं खोक्यात वीट निघाली, किंवा स्वतःची बिघडलेली वस्तू तुमची म्हणून परत पाठवतं. पाठवायचंच असेल तर पूर्ण पैसे आधी, वर सांगितलं तसं नाव जुळवून. मग पॅकिंगचा व्हिडिओ एकसलग, मध्ये न तोडता: बॉडीच्या तळाचा सिरियल नंबर वाचून दाखवायचा, लेन्सचा नंबर, कॅमेरा चालू करून एक फोटो काढायचा, मग खोक्यात, चिकटपट्टी, त्यावर सही, वजनकाट्यावरचं वजन, आणि काउंटरवरच्या पावतीपर्यंत. पावतीवर खरी किंमत लिहा आणि विमा काढा. सुरत ते पाचोरा रेल्वेने काही परदेश नाही हो. ज्याला दीड लाखाचा कॅमेरा घ्यायचाय तो एक दिवस काढून बघायला येईल. येत नसेल तर मी त्याला विकणार नाही.

पांझराकिनारी (धुळे)

नंदुरबारच्या ताई, हे मला माहीतच नव्हतं. मग तर रोखच बरी, नाही का? खातं गोठण्याचा प्रश्नच नाही.

निवृत्त कॅशिअर (जळगाव)

ताईंनी सांगितलं ते माझ्या काळात नव्हतं, मी निवृत्त झाल्यावर वाढलेलं प्रकरण आहे. माझं वरचं उत्तर अपुरं होतं, ताईंचं जोडून वाचावं.

भाऊ, रोखीला तो धोका कमी, पण घरी घेऊन जाताना लुटायचा धोका आहे, आणि उद्या कॅमेरा चोरीचा होता असं कुणी म्हणालं तर तुमच्याकडे कागद नसतो. रोख असो की खातं, पावती लिहून घ्यावी. दोन प्रती, दोघांच्या सह्या. आणि पोरी, एकटी जाऊ नकोस. कॅमेरा दाखवायला घरी बोलावू नकोस, घरात आजारी माणूस आहे. जळगावला आलीस तर गोलाणी मार्केटमध्ये कॅमेरा-मोबाइल दुरुस्तीवाले आहेत, भर गर्दीत, त्यांच्यासमोर तपासणी होऊ शकते. नाहीतर बँक आहेच.

गिरणाकाठ (पाचोरा)

अकरा दिवसांनी लिहितेय. विकला गेला.

सुरतच्या माणसाला मी लिहिलं की या, बघा, बँकेत व्यवहार करू. त्याने उत्तरच दिलं नाही. दोन जणांनी विचारलं "शेवटचा किती", मी आकडा सांगितला, ते गप्प झाले. मग पारोळ्याचा एक मुलगा, पंचविशीतला, लग्नाचीच कामं करतो. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, शटर किती झालंय?" म्हणजे आजवर किती फोटो काढलेत. एक लाख बारा हजार, मी सांगितलं. मग विचारलं लेन्सच्या आत धूळ आहे का, बॅटऱ्या किती, रबर सुटलंय का. त्याने घासाघीसही खूप केली. आबा म्हणाले, "हा खरा आहे, याला कॅमेरा हवाय." १ लाख ४६ हजारांवर ठरलं.

आदल्या दिवशी त्याने एक रुपया पाठवला. नाव त्याचंच आलं. बुधवारी अकरा वाजता पाचोऱ्यात माझ्या बँकेत भेटलो. मी, माझा भाऊ, आणि आबा. आबा हट्टाने आले, चाळीसगावहून पॅसेंजरने. त्या मुलाकडे निम्मे पैसे रोख होते, निम्मे खात्यात. रोख काउंटरवर भरली. मशीनने एक नोट मागे टाकली, तो घाबरला, पण ती नुसती फाटकी होती, त्याने बदलून दिली. मोठी रोख म्हणून पॅन मागितला, होता सोबत. बाकीचे त्याच्या खात्यातून माझ्या खात्यात आले, नाव जुळलं, मी माझ्या फोनवर शिल्लक बघितली आणि भावाने पासबुक भरून आणलं.

तोवर आबा बाकावर बसून त्याला डाव्या हाताने दाखवत होते, बायकोचं नाव घेतल्यावर नवरा हसतो तेव्हा कॅमेरा कुठे धरायचा. त्यांनी पट्टा काढून ठेवला, तो दिला नाही. त्या मुलाने मागितलाही नाही.

कॅशिअर काका, नंदुरबारच्या ताई, तुमच्या दोघांच्या सांगण्यावरून पावती अशी लिहिली. कुणाला हवी असेल तर घ्या, रिकाम्या जागा आपापल्या भरा:

"मी (नाव, गाव) माझ्या वडिलांच्या मालकीचा आणि त्यांच्या संमतीने विकायला काढलेला निकॉन डी८५० कॅमेरा, सिरियल नंबर (...), व लेन्स, सिरियल नंबर (...), मूळ बिलासह, आज दिनांक (...) रोजी सकाळी (...) वाजता (बँक, शाखा) येथे (नाव, गाव) यांना १,४६,००० रुपयांना विकला. पैकी ७३,००० रोख, माझ्या खात्यात भरल्याची पावती सोबत, ७३,००० घेणाराच्या स्वतःच्या खात्यातून, व्यवहार क्रमांक (...). घेणाराने कॅमेरा चालू करून, फोटो काढून, तपासून घेतला. मेमरी कार्ड दिलेलं नाही. दोघांच्या सह्या. साक्षीदार."

साक्षीदार म्हणून आबांनी डाव्या हाताने सही केली.

चक्षूवर त्या फौजी म्हणवणाऱ्याचा नंबरही कळवला. परवा त्याच गणवेशाच्या फोटोने आमच्या शाळेतल्या एका सरांना फोन आला, ते फ्रिज विकताहेत. सरांनी मला विचारलं, मी त्यांना हा धागा पाठवला.

सातपुड्याची लेक (नंदुरबार)

ताई, बरं झालं. ते स्क्रीनशॉट पुसू नका हं, वर्षभर.